एकेचाळीस नंबरची बाई

‘पुरियलै, सार,’ असे मी म्हणाले. समजले नाही, साहेब. दोनच तमिळ शब्द. खोटे बोलायला माणसाला काही तयारी लागत असेल असे मला उगाच वाटायचे. काही लागत नाही. समोरचा विचारतो आणि आपले तोंड उघडते. ओरत्तनाडूच्या रस्त्यावर एका लग्नाच्या मंडपात जनसुनावणी होती. मागच्या भिंतीवर आदल्या दिवशीच्या नवरानवरीची थर्माकोलची नावे अजून तशीच, दाराला केळीचे खुंट, आणि नवरानवरीच्याच लाल खुर्च्यांवर जिल्हा कचेरीतले आमचे साहेब आणि कंपनीचा माणूस. मी खाली टेबलाशी, इतिवृत्त लिहायला. सव्वीस वर्षे हेच करते आहे: लोक बोलतात, मी लिहिते. माईकपाशी एकेचाळीस नंबरची बाई उभी होती. शेषम्मा, वय चौऱ्याहत्तर. आणि ती मराठीत बोलत होती, आमच्या घरातल्या, तंजावरच्या मराठीत, सरळ माझ्याकडे तोंड करून. साहेबांनी विचारले, ‘ही कुठली भाषा? तेलुगू का? कुणाला कळले?’ मंडपातल्या चारशे माणसांत ते कळलेली मी एकटी होते.

दोष माझ्या जिभेचा. सकाळी नावे नोंदवताना ही म्हातारी माझ्या टेबलाशी उभी राहून स्वतःशीच पुटपुटत होती, ‘चष्म्याची पेटी कोठे गेली मेली.’ पेटी माझ्या रजिस्टराखाली सरकली होती. मी मान खाली घालून लिहीत होते, आणि लिहितालिहिताच बोलून गेले, ‘ही घ्या, येथेच आहे.’ ऑफिसच्या कामात मराठीचा एक शब्द माझ्या तोंडून कधी गेला नव्हता. तो त्या दिवशी गेला, तोही चष्म्याच्या पेटीपायी. म्हातारीने पेटी घेतली नाही, माझा हात धरला. ‘आपली?’ म्हणाली. मी इकडेतिकडे पाहिले. माझ्याशेजारी बसणारा साईराम चहा आणायला गेला होता. ‘होय,’ मी हळूच म्हणाले. तिच्या तोंडावर असा आनंद आला की मला तिचा रागच आला. रुळावरून चाललेल्या आयुष्यात कोणी असे हात धरून आपली म्हटले की पुढे काहीतरी मागणार हे ठरलेलेच असते.

आमच्या मराठीचे एक आहे. ती लिहायची नाही, बोलायची, आणि बोलायची तीही चार भिंतींत. माझे अप्पा तिरुवैयारूच्या शाळेत मुलांना तमिळच शिकवायचे, आणि घरी आले की उंबऱ्याशी चपलांबरोबर तमिळही काढून ठेवायचे. दाराबाहेर मराठीचा उपयोग एकच, चारचौघांत बसून चारचौघांना कळू न देता बोलणे. साडीच्या दुकानात अम्मा हसत हसत, जरीची किनार चाचपत, साखर पेरल्यासारख्या आवाजात म्हणायची, ‘ऊठ गे, हा मेला फसवतो आहे,’ आणि दुकानदारही तिच्याकडे बघून हसायचा नि आणखी दोन साड्या उलगडायचा. ही कला आम्हा सगळ्यांना येते. हसायचे, हात जोडायचे आणि मनातले बोलून टाकायचे. कधी अंगाशीही येते. अंबुजा आत्या एकदा बसमध्ये समोरच्या माणसाच्या कानांवर तिरुवैयारू येईपर्यंत बोलत होती, सुपाएवढे आहेत, उन्हाळ्यात वारा घ्यायला बरे. उतरताना तो माणूस तिला म्हणाला, ‘आत्याबाई, कान आमच्या अप्पांचे आहेत. त्यांस सांगतो तुम्हांस आवडले म्हणून.’ आठ दिवस आत्या घराबाहेर पडली नाही. आम्ही वर्षानुवर्षे तिला त्यावरून छळले. शेषम्मांनी त्या दिवशी माईकसमोर जे केले ते हेच होते. फक्त साडीच्या दुकानात करतात ते त्यांनी सरकारच्या दारात केले.

सुनावणी कशाची, तर एका रानाची. रान म्हणजे काही मोठे अरण्य नव्हे. शंभरेक एकर काटेरी झुडपे, करवंदाच्या जाळ्या, शेळ्यांच्या पाल्याची झाडे, दक्षिणेला एक तळे. आसपासची माणसे त्याला पांढऱ्या दगडांचे रान म्हणतात, कारण वन खात्याने कधीकाळी त्याच्या कडेने हद्दीचे दगड रोवले होते, त्यांवर नंबर कोरले होते आणि दरवर्षी त्यांना चुना लागायचा. आता तेथे गोदामे व्हायची आहेत, ट्रक उभे राहायचे आहेत. मध्ये एकच अडचण. नव्या कायद्याप्रमाणे जे कागदावर रान आहे तेच रान, बाकी नुसती झाडे. महसुलाच्या दप्तरात ही जमीन पोरंबोक म्हणून लागलेली, म्हणजे सरकारी पडीक. वन खात्याची जुनी फाईल सापडत नाही. राहिले काय, तर दगड. दगड असतील तर खात्याने रान ताब्यात घेतले होते हे सिद्ध होते, आणि मग गोदामांना दिल्लीची परवानगी लागते आणि ती मिळणे कठीण. आणि पाहणीला माणसे गेली तेव्हा तेथे एकही दगड नव्हता. नुसते खड्डे होते, आणि पाहणीच्या अहवालात खड्ड्यांना ‘रानडुकरांचा उपद्रव’ म्हटले होते. ते मीच टाईप केले. तेव्हा हसूही आले होते.

चाळीस माणसे बोलून गेली. सत्तेत असलेल्या पक्षाचा माणूस म्हणाला विकास, नसलेल्याचा म्हणाला पर्यावरण. पाच वर्षांपूर्वी हेच दोघे माझ्यासमोर उलटे बोलले होते. निवडणूक झाली की हे खुर्च्या बदलतात आणि जाताना भाषणे खुर्चीवरच ठेवून जातात, नव्याला शोधायला नको. दोघेही ‘आमच्या मातीची रानं’ म्हणाले. दोघांनाही करवंदाची जाळी आणि बाभळ यांत फरक सांगता आला नसता. एका कॉलेजचे प्राध्यापक पडद्यावर कार्बनचे आकडे दाखवत होते, तेवढ्यात वीज गेली, ती त्यांचा वेळ संपल्यावर आली. कंपनीच्या माणसाने सांगितले की येथली झाडे तोडली तरी त्यांच्या बदल्यात दुसऱ्या जिल्ह्यात दुप्पट रोपे लावणार. कोणी विचारले नाही की येथल्या मुंगसांनी तेथे कुठल्या बसने जायचे. पुढच्या तीन रांगा ट्रकमधून आणलेल्या माणसांच्या होत्या. जेवणाचे डबे त्यांच्या मांडीवर होते. कंपनीच्या बाजूने कोणी बोलले की ते टाळ्या वाजवत, विरुद्ध बोलले की जास्त जोरात वाजवत, म्हणजे ऐकू येऊ नये. मी सगळे लिहीत होते. कुंपणच शेत खाते म्हणतात. येथे कुंपणाला जेवणाचे डबेही मिळाले होते.

शेषम्मांनी सुरुवात तमिळमध्येच केली. नाव सांगितले, गाव सांगितले, आपले यजमान या रानाचे गार्ड होते असे सांगितले. एवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. शेषम्मा थांबल्या, पुन्हा बोलायला गेल्या, पुन्हा टाळ्या. मग त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला, आणि गोड हसल्या. हात जोडले. ते हसू मी ओळखले, अम्माचे साडीच्या दुकानातले. त्यांनी पुढच्या रांगेकडे बघत, देवळात स्तोत्र म्हणावे तशा सुरात मराठीत सांगायला सुरुवात केली. ‘पोरी, तू आपली आहेस, मी सांगते ते लिही. ह्यांस कळू नये म्हणून असे सांगते आहे. पुढे तिसरा बसला आहे, पिवळा टॉवेल, त्याच्याकडे बघू नकोस. दोन महिन्यांमागे त्यानेच जेसीबी आणून दगड उपटले, भर दुपारी. मी शेळीस पाला आणायास गेले होते, डोळ्याने बघितले. एकतीस दगड. दक्षिणेच्या तळ्यात टाकले आहेत. पाणी उपसले की मिळतील. नंबर सरकारनेच कोरले आहेत, ते पुसत नाहीत. माझ्या यजमानांनी बावीस वर्षे त्यांस चुना लावला. तू हे लिही, मग मज काही झाले तरी चिंता नाही.’ टाळ्या थांबल्या होत्या. म्हातारी हसते आहे, हात जोडते आहे, आशीर्वाद देत असेल असे त्यांना वाटले. पिवळ्या टॉवेलचा तो माणूस, कंपनीचा कंत्राटदार, तर तिच्याकडे बघून हसला आणि त्याने मान लववली. आणि मग साहेबांनी विचारले, कुणाला कळले का.

कारणे मागाहून कितीही गोळा करता येतात. माझे नाव बढतीच्या यादीत होते. हरिता, माझी मुलगी, बारावीला होती, बदली झाली असती तर तिचे वर्ष गेले असते. मी भाषांतर करून सांगितले असते तर तो कंत्राटदार समोरच होता, आणि तो आधी म्हातारीकडे बघता नि मग माझ्याकडे. हे सगळे खरे आहे आणि यांतले काहीही मला त्या वेळी सुचले नव्हते. मला सुचले एवढेच, की आता या सगळ्यांना कळणार मी कोण. लाज वाटली. भीतीच्याही आधी लाज. नोकरीला लागले त्या दिवशी हेडक्लार्कने विचारले होते, ‘तेलुगू का?’ आणि मी मान हलवली, कारण सांगत बसण्यापेक्षा ते सोपे होते. पुढे तेच चिकटले. मग एकदा निवडणुकीच्या दिवसांत साईराम डबा खाताखाता म्हणाला, ‘बाहेरून आलेल्यांनी आमच्या मातीबद्दल बोलूच नये.’ तो कोणा पुढाऱ्याबद्दल बोलत होता. मनाने माणूस चांगला आहे, हरिताच्या तापात दोनदा रक्ताचे रिपोर्ट त्यानेच आणून दिले. पण मी दहीभाताचा डबा अर्धाच झाकून ठेवला. तीनशे वर्षे येथे राहून, येथेच मरून, आम्ही बाहेरचे. मी तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच. आता त्या गुळणीचीच चव मला पाण्यासारखी लागते.

आणखी एक आहे, ते मी कोणाला सांगितलेले नाही. ते दगड मी पाहिले होते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला पाहणीला नेले होते. ऊन इतके की डोळ्यांपुढे काजवे. मी एका दगडावर बसून चित्रान्नाचा डबा उघडला. उठले तेव्हा साडीला मागे पांढरा चुना लागलेला. बाकीचे हसले. एक लुकडा गार्ड हातात कुंचला घेऊन उभा होता, तो मात्र हसला नाही. त्याने तमिळमध्ये माफी मागितली, जणू दगडावर बसायची चूक त्याची होती, आणि आपल्या पाण्याच्या बाटलीतले पाणी मला चुना धुवायला दिले. स्वतःला प्यायला ठेवले नाही. तो शेषम्मांचा नवरा असणार. त्या रानाला दुसरा गार्ड नव्हता. तो मराठी होता आणि मीही. अर्धा तास आम्ही एकमेकांशी तमिळमध्ये बोललो, दोघांनीही शिस्तीत. हे मला सुनावणीत, त्या दोन शब्दांच्या नंतर आठवले. आधी आठवले असते तर काही वेगळे झाले असते असे म्हणायला मन धजत नाही.

इतिवृत्त मी तिसऱ्या दिवशी लिहिले. एकेचाळीसपुढे लिहिले, ‘शेषम्मा यांनी आपले यजमान सदर क्षेत्रात गार्ड होते असे सांगितले. पुढील बोलणे वेगळ्या भाषेत असल्याने समजले नाही.’ साहेबांनी कागद वाचला आणि मला बोलावले. ते वाईट माणूस नाहीत, ओरडत नाहीत. ‘वरलक्ष्मी,’ म्हणाले, ‘समजले नाही असे लिहून पाठवले तर वरचे विचारतील, मग दुभाषा का नाही आणला? सुनावणी पुन्हा घ्या म्हणतील. बाई हसत होती ना?’ मी होय म्हणाले. ‘हात जोडत होती ना?’ होय. ‘मग स्वागतच केले की.’ मी परत जाऊन टाईप केले: ‘शेषम्मा यांनी प्रकल्पाचे स्वागत केले व स्थानिकांना रोजगार मिळावा अशी विनंती केली.’ रोजगाराचे साहेबांनी सांगितले नव्हते. ते मी घातले, वाक्य खरे वाटावे म्हणून. हे कसे घातले गेले ते मी पुष्कळदा आठवून पाहिले आहे. कोणी मागितले नव्हते, कोणी बघत नव्हते. हात नोकरीत मुरला की त्याला सांगावे लागत नाही.

घरी काही बोलले नाही. माझे यजमान रघुराम बँकेतून येतात, पेपर वाचतात, ‘काय झाले आज?’ विचारतात आणि उत्तराआधी पान उलटतात. पस्तीस दिवसांनी परवानगी निघाली. तिच्यासोबतच्या टिपणात लिहिले होते की सुनावणीत स्थानिक वृद्ध महिलांनीही प्रकल्पाचे स्वागत केले. एका बाईच्या महिला झाल्या होत्या. त्याच आठवड्यात साईराम जागेवर जाऊन आला नि सहज म्हणाला, दक्षिणेकडचे तळे बुजवायला घेतलेय, मातीच्या गाड्या पडताहेत. मी विचारले, पूर्ण बुजले का? तो म्हणाला, निम्मे. तुम्हाला काय करायचे आहे त्याचे? मी म्हणाले, काही नाही. निम्मे म्हणजे अजून निम्मे राहिले होते. फोन करता आला असता, निनावी पत्र टाकता आले असते. मी त्या दिवशी भाजी घेऊन घरी आले आणि अवरेच्या शेंगा सोलत बसले. नखांत हिरवे गेले ते दोन दिवस निघाले नाही.

रविवारी सकाळी दारात शेषम्मा. बरोबर त्यांची नात, विनुता, कॉलेजातली, हातात मोबाईल. तंजावरच्या राजवाड्यामागे आमची मराठी घरे थोडी. ऑफिसात लिहायला असणारी वरलक्ष्मी कोठे म्हणून देवळात विचारले की दुसरा माणूस दारापर्यंत आणून सोडतो. एवढे सोपे होते, आणि मी सव्वीस वर्षे लपले होते. शेषम्मांनी पिशवीतून करवंदाच्या लोणच्याची बरणी काढून माझ्या हातात दिली. ‘रानातलीच. पुढल्या वर्षी मिळतील न मिळतील,’ म्हणाल्या. रघुराम बाजारात गेले होते, हरिता आत अभ्यासाला. मी कॉफी केली. ओतताना टंबलराखालच्या डबऱ्यात थोडी सांडली. शेषम्मा खाली चटईवर बसल्या, विनुता उभीच. शेषम्माच बोलल्या. ‘विनुताने तू लिहिलेले सगळे मोबाईलवर वाचून दाखविले मज. ती म्हणते, त्या बाईने खोटे लिहिले. मी म्हटले, नाही गे. आपल्यातली आहे, ती असे करायची नाही. मग एक रात्र विचार केले, तेव्हा कळले. तू मज वाचविलीस. त्या पिवळ्या टॉवेलाचे नाव कागदावर आले असते तर तो दुसऱ्या दिवशी दारात उभा असता. म्हातारी मी, चारचौघांत बोलून बसले, अक्कल नाही. तुज अक्कल होती, तू माझे बोलणे झाकलेस. होय की नाही?’

असे आयते कोणी देत नाही. मी इतके दिवस माझ्यासाठी जी कारणे शोधत होते त्यांतले एकही इतके सुंदर नव्हते. त्या वर बघत होत्या, चष्म्याआड डोळे मोठे दिसत होते, आणि त्या डोळ्यांत मी एक शहाणी, मायाळू बाई होते. मला ती बाई फार आवडली. ‘होय,’ मी म्हणाले. शेषम्मांनी नातीकडे बघितले, पाहिलेस, असे. विनुता हसली नाही. ती तमिळमध्ये बोलली, तिला मराठी कळते, बोलवत नाही. ‘मॅडम, म्हणजे तुम्हाला सगळे ऐकू आले होते. आम्ही चेन्नईच्या हरित न्यायाधिकरणात अर्ज टाकतो आहोत. शुक्रवार शेवटचा दिवस. आजी आता त्याचे नाव घ्यायला तयार आहे, तिला वाचवायचे कारण राहिले नाही. पण इतिवृत्तात तिने स्वागत केले असे आहे, त्यामुळे ते म्हणतील आता कोणीतरी पढवले. तुम्ही एवढेच लिहून द्या, की त्या दिवशी, त्या माईकवर, आजी हे बोलली. दगड तळ्यात आहेत असे बोलली. मग ते माती काढायला लावतील. दगड मिळाले तर रान वाचते. मी त्या दिवशी कॉलेजात होते, तुमच्याशिवाय ते कळलेले कोणीच नाही.’

आत हरिताने पान उलटले. शेषम्मा मान हलवत होत्या, भीत नाही आता, लिही तू, अशी. मी त्यांच्याकडे न बघता विनुताकडे बघितले, आणि मी तमिळमध्ये बोलले, ऑफिसातल्या, स्वच्छ, खळखळ न करणाऱ्या तमिळमध्ये. ‘मला तेव्हा नीट ऐकू आले नव्हते. माईकचा आवाज फाटत होता. नेमके काय बोलल्या ते मी सांगू शकणार नाही.’ विनुताने मोबाईल पर्समध्ये टाकला. शेषम्मांनी कॉफी शेवटच्या घोटापर्यंत प्यायली, टंबलर डबऱ्यात पालथा घातला, गुडघ्यावर हात टेकून उठल्या. ‘सरि, मॅडम. वरोम,’ म्हणाल्या. बरे, मॅडम, येतो. मला अहोजाहो, तमिळमध्ये. मी विनुताला कुंकू लावायला करंडा आणला. तिने ते लावून घेतले, मान मात्र पुढे केली नाही, मलाच पुढे व्हावे लागले.

त्या जिना उतरत होत्या. आमचा जिना अरुंद, आवाज वर येतो. विनुता रागारागाने काहीतरी बोलत होती, मधेच शेषम्मा थांबल्या. ‘राहू दे गे,’ त्या मराठीत म्हणाल्या, ‘भ्याली आहे ती. बिचारीस बोलू नकोस.’ शब्दन्‌शब्द ऐकू आला. मी दार लोटले आणि कडी लावली.